फोटो पाहून समोरचा काय ठरवणार?

फोटोंच्या प्रदर्शनात लोक एक प्रश्न हमखास विचारतात : "एडिट केलाय का?" आणि फोटोग्राफर छाती काढून सांगतो, "अजिबात नाही. कॅमेऱ्यातून आला तसाच आहे." विचारणाऱ्याचं समाधान होतं. तो पुढच्या फोटोकडे वळतो. मी बंगळुरूच्या कोरमंगलात फोटो दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळे मला या प्रश्नाचीही गंमत वाटते आणि उत्तराचीही.

"कॅमेऱ्यातून आला तसाच" असा फोटो नसतोच. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या बारीक चाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या या जाळीचं पेटंट १९७६ सालचं आहे, आणि आजही बहुतेक कॅमेरे आणि फोन तिच्यावरच चालतात. यात प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे तुमच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. फोन तर याच्याही पुढे जातो. रात्री तुम्ही बटण एकदा दाबता, तो भराभर अनेक फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो, दाणे पुसतो, चेहरे उजळतो, आणि मग एक फोटो तुमच्या हातात ठेवतो. २०२३ साली एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र लावून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्याला चंद्रावरचे खळगे स्पष्ट दाखवले. जे समोर नव्हतंच ते फोटोत आलं, आणि त्या माणसाने एडिटिंगच्या एकाही बटणाला हात लावला नव्हता.

त्यामुळे "किती टक्के एडिटिंग चालेल?" असं कुणी विचारलं की मी टक्के सांगत नाही. स्तेपान रूदिक या युक्रेनी फोटोग्राफरची गोष्ट सांगतो. २०१०च्या 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत त्याच्या कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांच्या मालिकेला बक्षीस मिळालं. त्यातल्या एका फोटोत हाताला पट्टी बांधली जात होती. मूळ फोटो रंगीत आणि चांगलाच रुंद. रूदिकने त्याचा मोठा भाग कापला, रंग काढून काळा-पांढरा केला, खरबरीत दाणा घातला, कडा गडद केल्या. परीक्षकांनी यातल्या कशालाच हरकत घेतली नाही. पण पट्टीच्या हातामागे कुणाच्या तरी पायाचा एक तुकडा दिसत होता, तो त्याने पुसला होता. तेवढ्यावरून बक्षीस गेलं.

पहिल्यांदा ऐकताना हा न्याय उलटा वाटतो. बदल केलेल्या भागाचं क्षेत्रफळ मोजलं तर पाय अगदीच किरकोळ. पण परीक्षक क्षेत्रफळ मोजत नव्हते. वर्तमानपत्रात हा फोटो पाहणारा माणूस "तिथे हे होतं, ते नव्हतं" असं मनात ठरवणार. काळा-पांढरा फोटो पाहून कुणी त्या दिवशी कीव्हमध्ये रंग नव्हते असं समजत नाही. पुसलेला पाय मात्र कुणाला कधीच कळला नसता.

माझं आवाहन यातूनच आलेलं आहे. फोटोला हात लावण्याआधी एवढंच विचारा : हा पाहून समोरचा माणूस काही ठरवणार आहे का? पैसे द्यायचे, मुलगी पाहायला जायचं, घर भाड्याने घ्यायचं, कुणाला दोषी धरायचं, यातलं काही? ठरवणार असेल, तर ज्या गोष्टीवरून ठरवणार तिला हात लावू नका. बाकी हवं ते करा. काहीच ठरवणार नसेल, फोटो बघून नुसतं खूश व्हायचं असेल, तर चंद्र दोन लावा, माझी ना नाही.

संगणक आल्यामुळे ही भानगड सुरू झाली असं कुणी म्हणत असेल तर त्याला जुन्या मुंबईत घेऊन जायला हवं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, समाजसुधारक डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्याच काळात मुंबईत फोटो काढणाऱ्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचं एक पुस्तक काढलं, पहिला भाग १८६३ साली आणि दुसरा १८६६ साली. दुसऱ्या भागात आपली महाराष्ट्राची मंडळी आहेत. त्यातली बरीच चित्रं जोडकाम आहेत. माणसांचे फोटो वेगळे काढले, आकार कापून घेतले, मुंबईच्या एखाद्या दृश्याच्या फोटोवर बसवले आणि पुन्हा छापले. कात्री आणि डिंकाचं काम, पण आज मी पडद्यावर करतो तेच. ते शोभेचं चित्र म्हणून विकलं असतं तर मी कौतुकच केलं असतं. पण पुस्तकाचा दावा माहितीचा होता. ही माणसं अशी दिसतात, अशा जागी वावरतात, असं विलायतेतला वाचक त्यावरून ठरवणार होता. माणूस खरा, जागाही खरी, फक्त तो माणूस त्या जागी उभा नव्हता.

याच्याउलट आपल्याकडचे जुने स्टुडिओ आठवा. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने मुरमं आणि सुरकुत्या घालवायचं काम तिथे रोज चालायचं. वारलेल्या आजोबांचा एकटा फोटो घेऊन यायचं आणि त्यांना आजीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवून मागायचं, हेही चालायचं. अशी कामं आजही माझ्याकडे येतात आणि मी मन लावून करतो. त्या फोटोवरून घरातलं कुणी काही चुकीचं ठरवत नाही. आजोबा त्या दिवशी नव्हते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर जोडून मागतात.

आता कोरमंगलाकडे येऊ. वस्तू हातात न घेता नुसता फोटो पाहून पैसे मोजायची सवय देशाला लागली, त्यात या वस्तीचा वाटा मोठा आहे. फ्लिपकार्ट २००७ साली इथल्या एका फ्लॅटमधून पुस्तकं विकत सुरू झालं. स्विगी २०१४ साली इथल्याच गल्ल्यांमधून जेवण पोचवू लागलं. आज इथे कुठल्याही ब्लॉकात दोन-चार गल्ल्या फिरलात की एखाद्या खोलीत पांढरा पडदा लावून कुणीतरी चप्पल, कुर्ता, नाहीतर लोणच्याच्या बाटलीचा फोटो काढताना दिसेल. विकणारे सगळेच मोठे व्यापारी नसतात. गावाकडून साड्या आणून इथल्या सोसायट्यांमध्ये विकणाऱ्या, घरी दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या आपल्या मराठी बायका त्यात पुष्कळ आहेत. हा भाग जास्त करून त्यांच्यासाठी.

साडीच्या फोटोत एडिटिंग करावंच लागतं, नाही केलं तर फोटो खोटं बोलतो. फोनला जांभळा रंग पकडताना त्रास होतो, तो निळ्याकडे सरकतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी साडी शेवाळी दिसते. तेव्हा साडी खिडकीपाशी घ्या, थेट ऊन नको. साडीच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि फोटो काढा. मग फोनमधल्या एडिटिंगमध्ये रंगाचा पारा, म्हणजे वॉर्म-कूलची पट्टी, तो कागद पांढरा दिसेपर्यंत सरकवा. पडद्याचा उजेड मध्यावर ठेवा आणि साडी शेजारी धरून रंग ताडून पाहा. जुळला की थांबा. सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग भडक करायच्या, पट्टीला हात लावू नका, साड्या परत येतात त्यात तिचाही हात असतो.

पैठणीची गोष्ट वेगळीच. येवल्याची धूपछाव पैठणी आडव्या धाग्यात एक रंग आणि उभ्या धाग्यात दुसरा घेऊन विणलेली असते, त्यामुळे पाहायचा कोन बदलला की रंग बदलतो. एका फोटोत ती खरी दाखवताच येत नाही, कितीही प्रामाणिक राहा. दोन कोनांतून दोन फोटो द्या. तिसरा द्या पदराच्या मागच्या बाजूचा. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, आणि जाणती गिऱ्हाईक बाई आधी तेच बघते. हे तीन फोटो दिलेत तर वर कुठलाही फिल्टर लावायची गरज पडत नाही.

घडीची चुणी पुसू का, असं एक बाई विचारत होत्या. पुसा की. इस्त्रीने जाणारं असेल ते फोटोतून खुशाल काढा. टेबलावरची धूळ, मागची स्विचची पाटी, कोपऱ्यात आलेला मांजराचा पाय, सगळं काढा. विणीतला दोष, सुटलेला धागा, जरीचा काळा पडलेला भाग मात्र इस्त्रीने जाणार नाही. त्यावरून घेणारी किंमत ठरवणार आहे. तो दिसू द्या, हवं तर त्याचा वेगळा जवळून फोटो लावा. दोष आधी दाखवणाऱ्या बाईची साडी परत येत नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या धंद्यावरून सांगतो.

जेवणाचंही तसंच. मिसळीचा फोटो उजळवा, तिरका झाला असेल तर सरळ करा, ताटाखालचा मळका टेबलक्लॉथ कापा. पण दुसऱ्याच्या हॉटेलची मिसळ इंटरनेटवरून उचलून आपल्या नावाखाली लावणं ही नुसती लबाडी आहे. आणि आता एआयकडून मिसळ काढून घेण्याची पद्धत पडू लागली आहे, तीही त्याच पंगतीतली. फरसाण एका बाजूला शिस्तीत उभं, तर्रीवर हिऱ्यासारखे थेंब, कांद्याचे सगळे तुकडे एका मापाचे. कोल्हापुरात असली मिसळ कुणी समोर ठेवली तर माणूस आधी स्वयंपाकघरात डोकावून येईल. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने हॉटेलवाल्यांना असे एआयचे फोटो काढून टाकायला सांगितलं, गिऱ्हाइकांचा विश्वास जातो म्हणून. माझा साधा सल्ला आहे : ज्या डब्यात पाठवता त्याच डब्यात फोटो काढा. किती मिळणार हे त्यात आपोआप येतं.

खोल्यांच्या फोटोंत तर सॉफ्टवेअर लागतच नाही. कोरमंगलात पीजी आणि भाड्याचे फ्लॅट शोधणारी आपली पोरं नागपूर-नाशिकला बसून फोटो पाहून डिपॉझिट भरतात. फोनवर ०.५चं रुंद भिंग लावून कोपऱ्यातून फोटो काढला की दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. मालकाने एडिटिंग केलेलं नसतं, फसवणूक मात्र पुरी झालेली असते. भाड्याने देणाऱ्यांनो, दारात उभे राहा, १वर फोटो काढा, पलंग पूर्ण चौकटीत येऊ द्या. घेणाऱ्यांनो, फोटोतली पलंगाची उशी बघा. कडेची उशी ताणून सतरंजीएवढी झाली असेल तर भिंग रुंद आहे, खोली नाही.

आता चेहरे. इथे मी जरा कडक आहे. २०२०च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली, त्याच सुमाराला 'फेअर अँड लव्हली'ने नाव बदललं. सोय गेली, नाव बदललं, पण फोनमधला ब्यूटी फिल्टर आपलं काम गुपचूप करतोच आहे. कित्येक फोनवर तो विकत घेतानाच चालू असतो. रंग उजळतो, नाक बारीक करतो, डोळे मोठे करतो, आणि मुलीला वाटतं आपण नुसता सेल्फी काढला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा आणि तो बंद करा, आजच.

स्थळासाठी फोटो द्यायचा असेल तर आठ दिवसांत जाणारं काढा, कायमचं ठेवा. काल उठलेला मुरूम, प्रवासाने आलेली डोळ्यांखालची काळी छाया, उडालेली केसाची बट, हे काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, चष्मा, हनुवटी, रंग, टक्कल हे तसंच राहू द्या. मुलांच्या बाबतीतही हाच नियम. टकलावर केस रंगवून मागणारे वरपिते माझ्याकडे कमी येत नाहीत. कांदेपोह्यांच्या दिवशी समोरच्या घरातली सगळी माणसं आधी दारात उभ्या असलेल्या माणसाची फोटोशी तुलना करतात. ती तुलना सुरू झाली की पुढचं संभाषण पोह्यांच्या मिठापलीकडे जात नाही. "थोडी गोरी करून द्या" हे काम मी घेत नाही. गल्लीच्या टोकाला दुसरं दुकान आहे, तिथे करून मिळतं.

आणि लहान मुलांच्या कातडीवर तर फिल्टर लावूच नका. सात वर्षांच्या मुलीला तिचाच गुळगुळीत, पांढरा केलेला चेहरा रोज दाखवत राहिलात तर आरशातल्या चेहऱ्याबद्दल ती काय ठरवेल याचा विचार करा. नॉर्वेने २०२१ साली कायदाच केला की जाहिरातीसाठी शरीर किंवा कातडी बदललेला फोटो असेल तर तसं त्यावर लिहावं लागेल. फ्रान्समध्ये असा नियम २०१७पासून आहे. आपल्या घरात त्यासाठी कायदा यायची वाट पाहायला नको.

बातमी आणि साक्ष यांच्या बाबतीत मात्र मी तीळभरही सूट देत नाही, आणि ते का, हे एका गोष्टीवरून सांगतो. तिचा एक धागा मुंबईत आहे आणि एक इथे बंगळुरूत.

मुंबईतला फॉकलंड रोड, कागदोपत्री आता पठ्ठे बापूराव मार्ग. मेरी एलन मार्क ही अमेरिकन फोटोग्राफर तिथल्या वेश्यांचे फोटो काढायचा प्रयत्न दहा वर्षं करत होती. बायका तिच्यावर पाणी फेकत, कचरा फेकत. शेवटी १९७८च्या ऑक्टोबरात ती येऊन राहिली, रोज त्याच रस्त्यावर बसत राहिली, हळूहळू ओळखी झाल्या, दारं उघडली. जानेवारी १९७९पर्यंत तिने काम केलं आणि १९८१ साली पुस्तक निघालं. ते फोटो कुणाला आवडोत न आवडोत, त्यातली प्रत्येक बाई त्या जागी, त्या दिवशी होती.

पुढे सौविद दत्त नावाच्या तरुण फोटोग्राफरने कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीवर मालिका केली. तिची वाहवा झाली, त्याला पुरस्कार आणि अनुदानं मिळत गेली. २०१७च्या मे महिन्यात बंगळुरूच्या एका व्यक्तीच्या लक्षात आलं की त्यातल्या एका फोटोत मागे बसलेली बाई ओळखीची आहे. ती मेरी एलन मार्कच्या फॉकलंड रोडच्या फोटोतली होती. कापून उचललेली आणि कोलकात्यात आणून बसवलेली. बोभाटा झाला. दत्तने कबूल केलं की आपण फोटोंत फेरफार केले, आणि दुसऱ्यांचे काही फोटो स्वतःचे म्हणून दाखवले. काही संस्थांनी त्याच्यापासून हात झटकले.

या प्रकरणावर त्या वेळी जी चर्चा झाली त्यात चोरी, हक्क, पुरस्कार हेच जास्त होतं. मला त्या बाईचं वाटतं. मुंबईत फॉकलंड रोडवर १९७८ साली ती तयार होत होती. एका अनोळखी बाईवर विश्वास टाकून तिने आपला फोटो काढू दिला. तिला न विचारता कुणीतरी पस्तीस वर्षांनी तिला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कहाणीत, जागा भरायला बसवलं. ते काम तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही, मला एका दुपारचं आहे. आणि त्यानंतर त्या मालिकेतल्या खऱ्या बायकांचंही कुणी खरं मानेना. त्यांनीही विश्वास टाकलाच होता.

सरकारी माणसांनाही हा मोह आवरत नाही. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईत पूर आला. पंतप्रधान हवेतून पाहणी करत असल्याचा एक फोटो पत्र सूचना कार्यालयाने ट्विट केला. खिडकीतून खालचा पूर इतका स्वच्छ दिसत होता की लोकांना शंका आली, कारण खिडकीत दुसरंच दृश्य चिकटवलेलं होतं. कार्यालयाला तो काढून टाकावा लागला आणि दिलगिरी व्यक्त करावी लागली. पाहणी खरी होती, पूरही खरा होता. कुणाला तरी खिडकी धूसर दिसत होती म्हणून ती साफ करावीशी वाटली, एवढंच. पण बातमीच्या फोटोत खिडकी धूसर असेल तर धूसरच राहू द्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही पत्रकार नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर खड्ड्याचा, अपघाताचा, तुंबलेल्या पाण्याचा फोटो टाकता तेव्हा तुम्ही साक्षीदारच असता. कोरमंगलातला पाऊस आणि एजीपुऱ्याचा वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळलेला उड्डाणपूल यांनी आम्हाला असल्या फोटोंची भरपूर सवय लावली आहे. तो फोटो नाट्यमय करायला आकाश काळं करू नका, पाणी गढूळ करू नका. अपघातात माणसाचा चेहरा झाकायचा असेल तर सरळ काळी पट्टी लावा, झाकलंय हे दिसू द्या. शेजारच्या मुलाचा चेहरा एआयने बदलून टाकणं हे झाकणं नव्हे.

निसर्गाच्या फोटोंचं शिक्षण मला बंगळुरूनेच दिलं. इथे १९७१पासून यूथ फोटोग्राफिक सोसायटी आहे. टी. एन. ए. पेरुमल यांच्यासारखे वन्यजीव फोटोग्राफर याच शहरात नावारूपाला आले. आणि आपल्याला अभिमान वाटावा असे एक होते संडूरच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे. बल्लारी जिल्ह्यातल्या या मराठा संस्थानचे वारस, कर्नाटकचे अर्थमंत्री, आणि रानात तासन्‌तास बसून काळे-पांढरे फोटो काढणारे. त्यांचं 'सनलाइट अँड शॅडोज' हे पुस्तक १९८३ साली आलं. त्या पिढीतले लोक अंधारखोलीत छपाई करताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवत, दुसऱ्या भागावर जास्त प्रकाश टाकून तो गडद करत. याला कुणी खोटं म्हटलं नाही. पण सांबराला दुसऱ्या रानातून आणून हत्तीशेजारी उभं करणं त्यांच्यात नव्हतं.

आजच्या आंतरराष्ट्रीय सलोनच्या, म्हणजे फोटोस्पर्धांच्या, निसर्ग विभागाचा नियम याच वाटेवरचा आहे. कडा कापा, उजेड-सावली सावरा, धूळ आणि दाणे काढा, रंगीतचा पूर्ण काळा-पांढरा करा. पण चौकटीतली एकही वस्तू घालायची नाही, हलवायची नाही, बदलायची नाही, पुसायची नाही. पक्ष्याच्या चोचीपुढे फांदी आली असेल तर ती फांदी फोटोत राहील. मला विचाराल तर ती फांदीच त्या पक्ष्याचा पत्ता सांगते.

मात्र या क्षेत्रात एक ढोंग आहे आणि ते मला जास्त खुपतं. भिगवणला उजनीच्या पाणथळीत होडीवाल्याला जादा पैसे देऊन रोहित पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायला लावायची, थवा उडाला की फोटो काढायचा, आणि मग "यात एडिटिंग शून्य" असं अभिमानाने सांगायचं. २०१७ साली ब्राझीलच्या मार्सियू काब्राल यांना 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत एका मुंगीखाऊच्या फोटोसाठी बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की तो प्राणी पेंढा भरलेला असावा, आणि बक्षीस काढून घेतलं. फोटोशॉपने काहीच केलं नव्हतं. बटण दाबायच्या आधीचं एडिटिंग फाइल तपासून सापडत नाही, म्हणून ते करणाऱ्यांना वाटतं आपण सुटलो. पाहणाऱ्याने ठरवलेलं असतं की पक्षी आपणहून उडाला. थकलेल्या पाहुण्या पक्ष्याला उडवून काढलेल्या फोटोपेक्षा मला निवांत फोटोत आकाश थोडं निळं केलेलं चालेल.

थोडं म्हणालो, तेही जपूनच. सह्याद्री पावसाळ्यात आधीच हिरवा असतो. त्याला पोपटी करायची हौस लोकांना का येते ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

राहिली मूळ फाइल. एडिटिंग काहीही करा, पण प्रतीवर करा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर दुसऱ्या डिस्कवर, हात न लावता ठेवा. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आठवतोय का? उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नाही, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर वाद झाला आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२०ला न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्र मालकाने स्वतः साक्षीत आणलं तर भागतं. नुसती प्रत द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. नवा साक्ष कायदा १ जुलै २०२४पासून लागू झाला, त्यातही प्रमाणपत्राची अट आहे आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिची संगणकी ओळखखूण, द्यावी लागते. भिंतीला तडा गेल्याचा, गाडी ठोकल्याचा, पावसात सामान भिजल्याचा तुमचा फोटो उद्या विम्याच्या माणसापुढे किंवा कोर्टात जाऊ शकतो. तेव्हा "ब्राइट केलेलाच आहे, मूळ डिलीट झाला" हे उत्तर चालत नाही.

मूळ फाइल जपायला मी अजून एका कारणासाठी सांगतो. कोरमंगलाचं सांडपाणी ज्या खोऱ्याने खाली जातं त्याच्या तोंडाशी बेळ्ळंदूरचा तलाव आहे. २०१५च्या सुमाराला त्यावरचा पांढरा फेस इतका वाढला की वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा, दुचाकीवाले त्यातून वाट काढायचे. जानेवारी २०१८मध्ये त्या तलावात आग लागली आणि विझवायला लष्कराचे जवान आले. पाण्यावर आग आणि रस्त्यावर ढगाएवढा फेस! ते फोटो गावाकडे पाठवले की उलट उत्तर येई, "काय राव, फोटोशॉप जमायला लागलं की तुम्हाला." ते फोटो शंभर टक्के खरे होते. आता एआय आल्यावर असं उत्तर देणं आणखी सोपं झालं आहे, आणि ज्याने तलावात साबणाचं पाणी सोडलं त्याच्या ते फार सोयीचं आहे. अशा वेळी तारीख, वेळ, जागा पोटात असलेली मूळ फाइल हीच तुमची बाजू.

आणि ती पाठवायची वेळ आली तर व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखी फोटो म्हणून पाठवू नका. तसं केलं की फाइल दाबून लहान होते आणि आतली तारीख-जागेची माहिती गळून जाते. जोडणीच्या खुणेवर बोट ठेवा, 'डॉक्युमेंट' निवडा आणि त्यातून पाठवा. नाहीतर ईमेलने.